अद्भुताच्या आश्रयाला गेलेला इतिहास

भिलाईच्या सेक्टर २ मध्ये आमच्या पलीकडच्या क्वार्टरात पुष्कळ वर्षे एक बंगाली कुटुंब राहत होते. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत असा शेजार नवलाचा नव्हे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. तेव्हापासून एका ओळीतल्या चार घरांत चार भाषा नांदत आल्या आहेत. त्या घरातील आजी नातवाला झोपवताना एक अंगाई गुणगुणत. एकदा मी सहज तिचा अर्थ विचारला. त्या किंचित संकोचल्या आणि म्हणाल्या, की बर्गी येतील या भीतीचे ते गाणे आहे. बर्गी म्हणजे बारगीर, सरकारी घोड्यावर चाकरी करणारा मराठा स्वार. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी १७४२ पासून सुमारे दहा वर्षे बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांची स्मृती तेथील आयांनी पाळण्यापाशी जपून ठेवली आहे. समोर बसलेला शेजारी मराठी आहे हे ध्यानात आल्यामुळे त्या संकोचल्या होत्या. मी विषय बदलला आणि घरी आलो. माझ्या मेजावर त्या दिवशीही एक ऐतिहासिक कादंबरी उघडी पडलेली होती; तिच्यात मराठ्यांचे घोडे दौडत होते आणि त्या टापांखाली कोणाचेही शेत नव्हते.

या प्रसंगाची आठवण गेल्या पावसाळ्यात पुन्हा झाली. घरच्या कपाटातून आणि येथील मराठी मंडळींनी जपलेल्या एका लहानशा ग्रंथसंग्रहातून मी दोन चळती काढल्या होत्या. एक ऐतिहासिक कादंबऱ्यांची, दुसरी अद्भुत कथा-कादंबऱ्यांची. निवृत्त माणसाला परवडणारी ही चैन आहे. आलटून पालटून वाचताना मात्र हळूहळू अस्वस्थता वाढू लागली. इतिहासाच्या नावाने जे वाचत होतो ते बहुतांशी अद्भुतच होते. आणि अद्भुत म्हणून जे हाती येत होते, त्यांतील नवी पुस्तके इतिहास असल्याचा आव आणीत होती. आपल्या ऐतिहासिक कादंबरीने अद्भुताची सर्व स्वातंत्र्ये घेतली आणि अद्भुताचा प्रामाणिकपणा तेवढा टाकला, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ते काहींना रुचणार नाही याची जाणीव ठेवूनच ते मांडीत आहे.

आरंभी असे नव्हते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. या कादंबऱ्यांची पुढे आपण पुष्कळ थट्टा केली. परंतु त्यांचा वाचकाशी असलेला करार स्पष्ट होता: हे जग कल्पित आहे, येथे विस्मयासाठी या, दाखल्यासाठी येऊ नका. राजवाड्यांनी १९०२ च्या आपल्या 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तविक असा भेद केला, तेव्हा या दोन प्रकारांचे धर्म वेगळे आहेत, हे त्यांना निःसंदिग्धपणे दिसत होते. नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने दोन पिढ्यांना जागविले. पण ते वाचून कोणी त्यातील राजधानी नकाशावर शोधायला निघाला नाही.

ऐतिहासिक कादंबरीचा आरंभही असाच संयमाचा होता. गुंजीकरांच्या 'मोचनगड'मध्ये (१८७१) काळ शिवाजीमहाराजांचा आहे. पण किल्ला कल्पित, मुख्य पात्रे कल्पित, आणि महाराज कथेच्या कडेला. हरिभाऊंच्या 'उषःकाल'मध्येही सुलतानगड कल्पित आणि नानासाहेब कल्पित. वॉल्टर स्कॉटने 'वेव्हर्ली'मध्ये (१८१४) रूढ केलेली ही रीत होती: थोर पुरुष मागे उभा करावयाचा आणि दोन पक्षांच्या ओढाताणीत सापडलेला मध्यम प्रकृतीचा माणूस पुढे आणावयाचा. लुकाचने ऐतिहासिक कादंबरीवरील आपल्या ग्रंथात या मध्यम नायकाचे महत्त्व उलगडून दाखविले आहे. असा नायक गोंधळतो, चुकतो, बाजू बदलतो, आणि त्याच्या गोंधळातून वाचकाला त्या काळाचा गुंता कळतो. कल्पिताला येथे राखीव जागा होती. म्हणूनच इतिहासालाही त्याची जागा होती.

१९६० नंतर ही मांडणी उलटली. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ मध्ये आली. १९६४ चा अकादेमी पुरस्कार तिला मिळाला. पुढे 'श्रीमान योगी', इनामदारांच्या 'झेप', 'झुंज', 'राऊ', सावंतांची 'छावा', विश्वास पाटलांची 'पानिपत' अशी रांग लागली. या सर्व कादंबऱ्या एका तोलाच्या नाहीत. इनामदारांना पराभूतांविषयी आणि लोकापवादाने झाकोळलेल्या व्यक्तींविषयी खरी आस्था होती. 'पानिपत'मध्ये अन्न, पैसा आणि फौजेबरोबरचे बुणगे यांचा विचार आहे, आणि तो त्या कादंबरीचा सर्वांत टिकाऊ भाग आहे. तरीही या रांगेतील बहुसंख्य कादंबऱ्यांना लागू पडणारी एक गोष्ट सांगावीच लागते. थोर पुरुष कडेवरून मध्यभागी आला आणि मध्यम माणूस कादंबरीतून नाहीसा झाला. कादंबरी चरित्र झाली, चरित्राचे स्तोत्र झाले.

'स्वामी'चेच पाहा. माधवराव आणि रमाबाई यांचे सहजीवन तिच्यात ज्या हळुवारपणे येते, त्याचे मोल मी आजही कमी करीत नाही. परंतु माधवरावांच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीवर कर्जाचे ओझे अखेरपर्यंत होते. सावकार, थकलेले पगार, वसुलीसाठी निघालेल्या स्वाऱ्या हे त्या कारकिर्दीचे रोजचे पाणी होते. कादंबरीत या गोष्टी येतात त्या नायकाच्या कपाळावरची एक आठी म्हणून. ज्याच्याकडून वसुली झाली तो माणूस येत नाही. नायकाच्या दुःखाने आपण रडतो. त्या रडण्यात इतिहास विरघळून जातो.

या परिवर्तनाचा एक दुवा पौराणिक कादंबरीत आहे, आणि आपल्या समीक्षेने त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ ची. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे निवेदक घेण्याची तिची योजना महत्त्वाकांक्षी आहे. पण हे निवेदक जवळजवळ एकाच स्वरात बोलतात आणि त्यांची दृष्टी एकाच तेजाने दिपलेली असते. पुराणपुरुषाच्या बाबतीत हे चालते. कर्ण काव्यातून आलेला आहे, काव्यातच राहणार आहे. त्याचा दप्तरखाना नाही. १९७९ मध्ये तीच भाषा, तीच दिपून गेलेली दृष्टी आणि तीच नियतीची चौकट 'छावा'मध्ये संभाजीमहाराजांना लावली गेली. त्यांच्या मृत्यूतील धैर्य इतिहासाने मान्य केलेले आहे. त्याला पुराणाचा मुलामा देण्याची गरज नव्हती. पण मुलामा दिला गेला आणि एका गुंतागुंतीच्या राजकारणी पुरुषाची मूर्ती झाली. मूर्तीला प्रश्न विचारता येत नाहीत, तिची विटंबना तेवढी होऊ शकते. इतिहासावर लिहिलेल्या प्रत्येक वाक्यात विटंबना शोधणारा समाज असाच घडत जातो. २००४ च्या जानेवारीत पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला आणि ग्रंथ-हस्तलिखितांची नासधूस झाली, ती आकस्मिक नव्हती.

कोणी म्हणेल, एवढा मोठा आरोप कादंबऱ्यांवर कशासाठी? कादंबरी वाचणारे किती, आणि त्यातून बिघडणारे किती? म्हणून अलीकडची एक हकिकत सांगतो. 'छावा'वर आधारलेला हिंदी चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. १६८१ मध्ये मराठ्यांनी बऱ्हाणपूर लुटले, त्याचे चित्रण त्यात आहे. मार्चमध्ये बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात माणसे रात्री विजेऱ्या आणि कुदळी घेऊन शेते खणू लागली. मोगलांच्या सोन्याच्या मोहरा अजून मातीत असतील, अशी त्यांची समजूत झाली होती. वृत्तपत्रांनी ही बातमी गमतीने छापली. मला ती गमतीची वाटली नाही. ज्या कथेने आपण इतिहास आहोत असे सांगितले, तिचे वाचन प्रेक्षकांनी तिलिस्मासारखे केले, आणि त्यात त्यांची फारशी चूकही नव्हती. कारण कथा रचलीच होती तिलिस्मासारखी. त्याच महिन्यात औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून नागपुरात दंगल झाली. दंगलींची कारणे अनेक असतात आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या कादंबरीकाराच्या माथी ती मारणे अन्यायाचे होईल. पण भूतकाळ हा अजून चालू असलेला वैयक्तिक हिशेब आहे ही भावना समाजात कोठून आली, हे विचारण्याचा अधिकार साहित्याच्या अभ्यासकाला आहे.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. कादंबरीकाराला कल्पनेचे स्वातंत्र्य हवे. मला ते हवेच आहे. माझी तक्रार आमच्या ऐतिहासिक कादंबरीकारांनी फार कल्पना केली अशी नसून त्यांनी फार थोडी केली अशी आहे. दोन कागदांच्या मधली पोकळी त्यांनी नेहमी एकाच द्रव्याने भरली, ते म्हणजे नायकाचे औदार्य. त्या पोकळीत भीती असू शकते, हाव असू शकते, कंटाळा असू शकतो, एखाद्या कुणबिणीचे मौन असू शकते, ही कल्पना करण्याची छाती फार थोड्यांनी दाखविली. शिवाय वाद झाला की आधार कागदपत्रांचा सांगावयाचा, आणि चूक दाखविली की ढाल कल्पनास्वातंत्र्याची पुढे करावयाची, ही दुटप्पी चाल आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. या कादंबऱ्यांनी मराठी वाचक निर्माण केला. महाराष्ट्राबाहेर तर मराठी जिवंत ठेवली. हे मी स्वतः पाहिले आहे. भिलाईसारख्या ठिकाणी मुले हिंदीतून शिकतात, घरातही अर्धे हिंदी बोलतात. त्यांच्यापैकी ज्यांनी एकच मराठी पुस्तक अखेरपर्यंत वाचले, त्यांनी बहुधा 'मृत्युंजय' किंवा 'श्रीमान योगी' वाचले. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु म्हणूनच प्रश्न अधिक तीव्र होतो. ज्याला मराठीची एकच खिडकी मिळाली, त्याला तिच्यातून काय दिसले? आपण जिंकत होतो, एवढेच. कोणाला जिंकत होतो हे त्याला दिसले नाही. आणि येथे तर तो ज्या भूमीवर उभा होता तीच जिंकलेली होती.

हे विधान अलंकारिक नाही. भोसल्यांचा सेनापती भास्करराम १७४१ मध्ये रतनपुरावर चालून आला आणि हैहयवंशाचे शतकानुशतकांचे राज्य नागपूरच्या हुकमतीखाली गेले. हाच भास्करराम पुढे बंगालमध्ये 'बर्गीं'चा नायक म्हणून ओळखला गेला आणि १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भेटीस बोलावून त्याची हत्या करविली. १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजींचा पुत्र बिंबाजी रतनपुरात राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होता. तेथील रामटेकडीवरचे राममंदिर त्याचे. दसऱ्याला सोने देण्याची चालही त्यानेच येथे आणली असे सांगतात. त्याच्यामागे त्याची पत्नी आनंदीबाई रतनपुरात होती. मराठी वाचकाला आनंदीबाई म्हटले की एकच आठवते, ती शनिवारवाड्यातली. पुढे नागपुरातून सुभेदार येऊ लागले, परगण्यांची व्यवस्था बसली, वसुली वाढली. १७९५ मध्ये ब्लंट नावाचा इंग्रज अधिकारी या मुलुखातून गेला, तेव्हा जुन्या राजधानीच्या जागी त्याला विस्कळीत झोपड्यांचे, अर्धवट ओस पडलेले गाव दिसले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा हा अध्याय संपला. एका शतकाहून अधिक काळाची ही कथा. सुभेदार आहे, मोडी लिहिणारा कारकून आहे, बंजारे आहेत, गोंड जमीनदार आहेत, मंदिर बांधणारा आणि वसुली करणारा एकच हात आहे. ऐतिहासिक कादंबरीला याहून श्रीमंत सामग्री कोणती हवी? मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या मुख्य प्रवाहाला ती दिसली नाही. कारण येथे मराठा हा नायक ठरेलच असे नाही.

अपवाद आहे, आणि तो नागपूरचाच आहे. नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' १९९७ मध्ये आली. अठराव्या शतकातील एक सामान्य, चतुर, काहीसा लबाड माणूस आपली हकिकत सांगतो, आणि तिच्यात बंगालवरच्या स्वाऱ्या आहेत, प्लासीही आहे. अंताजी थोर नाही. त्याला पोट आहे, भीती आहे, आणि दिसलेले सांगण्याची खोड आहे. स्कॉटचा आणि हरिभाऊंचा हरवलेला मध्यम नायक येथे शंभर वर्षांनी, तिरकस हसत, परत आला. २०१० मध्ये 'बखर अंतकाळाची' आली. पुरस्कृत आणि चित्रित कादंबऱ्यांची नावे घरोघर झाली. अंताजीचे नाव अभ्यासकांपुरते राहिले. माझ्या समोरच्या त्या आजींना दाखविता येईल असे एक मराठी पुस्तक होते, आणि मी ते तोवर वाचलेले नव्हते, हे येथे कबूल करतो.

याच लेखकाची 'उद्या' (२०१४) ही भविष्यकाळातली कादंबरी. तिला २०२० सालचा अकादेमी पुरस्कार जाहीर झाला आणि लेखकाने तो नाकारला. ज्याने इतिहासात कल्पित माणूस उभा केला, त्यानेच कल्पित भविष्यात आजची व्यवस्था उभी केली. मला यात विसंगती दिसत नाही. इतिहास आणि अद्भुत यांच्या सीमा ज्याला नीट माहीत आहेत, तोच दोन्हीकडे निःशंक वावरू शकतो.

अद्भुत खऱ्या अर्थाने काय करू शकते, याचे धडे तर आमच्या अंगणातच होते. दुर्गच्या पलीकडे राजनांदगाव आहे. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून तेथील दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते. त्यांची घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. 'फँटसी' ही मुक्तिबोधांच्या समीक्षेतील मध्यवर्ती संज्ञा होती. 'कामायनी'चे पुनर्वाचन त्यांनी त्याच अंगाने केले: कवीने पुराणकथेच्या आवरणात आपल्या काळाचेच प्रश्न मांडले आहेत, असे त्यांनी दाखविले. त्यांच्या कवितेतला ब्रह्मराक्षस आपल्याकडच्या आजीच्या गोष्टीतलाच आहे. पण तेथे तो विद्येच्या ओझ्याखाली गुदमरलेला बुद्धिवंत होतो. आणि याच माणसाने 'भारत : इतिहास और संस्कृति' हे पाठ्यपुस्तक लिहिले, तेव्हा १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली. त्याच वर्षी 'स्वामी' प्रसिद्ध झाली हा योगायोग आहे. इतिहास जेव्हा इतिहास म्हणून सांगितला गेला तेव्हा तो सोसवला नाही. नायकाच्या कथेत विरघळवून दिला तेव्हा तो गोड लागला.

राजनांदगावातच जन्मलेल्या विनोद कुमार शुक्लांची 'दीवार में एक खिड़की रहती थी' ही १९९७ ची कादंबरी. लहान पगाराचा एक शिक्षक, एकच खोली, आणि त्या खोलीच्या खिडकीपलीकडे एक संपूर्ण निराळे जग. तेथे राजे नाहीत, शस्त्रे नाहीत, वंशाचा अभिमान नाही. अद्भुत येथे गरिबीला खोटे ठरवीत नाही. गरिबीतही माणसाच्या मनात केवढी जागा असते ते दाखविते. मराठीत जी. एं.च्या दृष्टांतकथांनी अद्भुताला अशीच गंभीरता दिली होती. आम्ही त्यांचे गौरवग्रंथ काढले आणि कादंबरीसाठी त्यातून काही शिकलो नाही.

आज बाजारात आहे ते वेगळेच अद्भुत. अमीश त्रिपाठींच्या २०१० मधील मेलुहाविषयक इंग्रजी कादंबरीपासून जी लाट आली, ती भाषांतरांतून मराठी घरांतही पोचली. तिच्यात शिव हा तिबेटमधून आलेला, इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमाराचा टोळीनायक आहे. कल्पनेचा खेळ म्हणून मला त्यात वावगे दिसत नाही. परंतु देवाला सनावळी देण्याची ही हौस आणि राजाला देवपण देण्याची आपली जुनी हौस, या एकाच आजाराच्या दोन बाजू आहेत. देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता'मध्ये तिलिस्म होते, ऐयार होते; पण आपण मनोरंजन करीत आहोत हे लपविण्याची गरज त्या लेखकाला वाटली नाही.

या सर्व प्रकरणात आम्हा समीक्षकांचा वाटा मोठा आहे. अद्भुत म्हणजे पोरकट आणि ऐतिहासिक म्हणजे लोकप्रिय, असे म्हणून आम्ही दोन्हींवरून हात झटकले. पीएच.डी.च्या प्रबंधासाठी विषय निवडताना मीही या कपाटाकडे पाठ फिरविली होती, प्रतिष्ठा कमी होईल या भीतीने. ज्या पुस्तकांनी समाजाची स्मृती घडविली, त्यांची कठोर चिकित्सा करण्याचे काम आम्ही भाषणे करणाऱ्यांवर आणि मिरवणुका काढणाऱ्यांवर सोडून दिले.

म्हणून ग्रंथालयांना आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. ऐतिहासिक कादंबरी हाती घेताना तिला तीन प्रश्न विचारावेत. या कथेत नायक एकदा तरी चुकतो का, आणि त्या चुकीची किंमत दुसरे कोणी मोजते का? फौज जेथून गेली तेथील एक तरी माणूस नावानिशी येथे आहे का? आणि लेखकाने कल्पिलेले कोणते हे वाचकाला ओळखता येते का? ज्या पुस्तकाकडे तिन्ही प्रश्नांची उत्तरे नसतील, तेही वाचावे, आनंदाने वाचावे. फक्त ते 'वीरधवल'च्या शेजारी ठेवावे. त्या शेजाराने कोणाचाही अपमान होत नाही. 'स्वामी'च्या शेजारी मात्र 'अंताजीची बखर' असू द्यावी. मराठी घरातला मुलगा एक पुस्तक घ्यायला आला, तर त्याच्या हाती दोन पडावीत.

त्या बंगाली आजी आता नाहीत. त्यांचे कुटुंबही नोकरी संपल्यावर परत गेले. त्या दिवशी मी विषय बदलायला नको होता. ती अंगाई पुन्हा एकदा म्हणा, असे मी त्यांना सांगायला हवे होते, आणि ती पूर्ण ऐकायला हवी होती.